ग्लिसरीनचं वजन

सोमवारी आठला, मुलं यायच्या आधी,
मी पाच काचेच्या बशा मांडते.
खिडकीपासून लांब, रेडिएटरपासूनही लांब.
प्रत्येकीत पाच ग्रॅम, मोजून.
काट्यावरचे आकडे मी अजून मराठीतच वाचते.
बाकीचं एकवीस वर्षांत इंग्रजीत गेलं:
भांडण, बँक, दातांचा डॉक्टर,
आणि स्वप्नंसुद्धा, बऱ्यापैकी.

हडर्सफील्ड. बाहेर ना धुकं ना पाऊस,
मधलंच काहीतरी.
मी त्याला भुरभुर म्हणते,
हेपवर्थ सर म्हणतात, आज बरं आहे.

सातवीचा वर्ग. आधी पैजा लागतात.
ॲसिटोनवर निम्मा वर्ग, स्पिरिटवर झीशान,
पाण्यावर दोघं-तिघं, सवयीने.
मिठाच्या पाण्यावर टॅमसिन, कारण तिला हरायला आवडतं.
ग्लिसरीनची बशी उरते.
ती तस्नीमकडे जाते,
जी सुदानहून आली जानेवारीत
आणि अजून वर्गात मोठ्याने काही बोललेली नाही.

ॲसिटोन झाकण काढताच उठतो.
निरोप घ्यायची रीत त्याला कुणी शिकवली नाही.
टॅमसिन म्हणते, मावशीच्या पार्लरचा वास.
तास संपायच्या आत बशी कोरडी,
आणि जिंकलेले आरडाओरडा करून
लगेच विसरून जातात.
स्पिरिट जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतं.
सुईआधी दंडावर फिरवलेला कापूस, तेवढाच गारवा.
झीशान चोरून फुंकर घालतो.
मी पाहते. बोलत नाही.
फुंकर हेही एक कारणच आहे, वहीत लिही म्हणते.

पाणी आपल्या चालीने जातं,
दुसऱ्या सकाळी बशीत नुसती एक कडा.
मिठाचं पाणी त्याहून रेंगाळतं
आणि जाताना पांढरं काही मागे ठेवतं,
टॅमसिन ते नखाने खरवडते, चाटते,
चाटू नकोस असं सांगायच्या आधीच.

बुधवारी मी वह्या गोळा करते.
तस्नीमच्या पानावर कागद पातळ झालाय.
खोडलंय, पुन्हा खोडलंय.
प्रकाशाकडे धरलं तर दिसतं:
पाच पूर्णांक अडतीस.
त्याच्यावर नीट, गोल अक्षरात: चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

सगळ्यांचं कमी होत होतं.
तिचं एकटीचं वाढत होतं.
तिने स्वतःला चूक ठरवलं.

मधल्या सुट्टीत मी तिला काट्यापाशी नेते.
बशी ठेवते. आकडा स्थिर होईपर्यंत
आम्ही दोघी श्वास रोखतो,
कारण श्वासानेही काटा हलतो.
पाच पूर्णांक बेचाळीस.
ती माझ्याकडे पाहते, पकडली गेल्यासारखी.
मी सांगते: काटा बरोबर आहे. तूही बरोबर आहेस.
हे उडून जाणाऱ्यातलं नाही,
हवेतलं पाणी पितं.
इथली हवा, इथलं पाणी.
ही दरी ओली आहे म्हणूनच इथे लोकर कातत असत.

ती विचारते, पहिल्यांदाच, मोठ्याने:
किती पिणार?
मला नक्की माहीत नाही.
तसं सांगते.
हेपवर्थ सरांनाही माहीत नसतं,
ते म्हणतात, शुक्रवारी बघू.

शुक्रवारी पाच पूर्णांक एकसष्ट.
तिने शाईने लिहिलंय.
झीशान म्हणतो हे चीटिंग आहे,
मग स्वतःच दोनदा वजन करून बघतो.

सगळे गेल्यावर मी बशा धुते.
चार नुसत्या पाण्याने निघतात.
पाचवीला गरम पाणी लागतं,
आणि तरी बोटं बुळबुळीत राहतात.
आई थंडीत फुटलेल्या टाचांना लावायची,
गुलाबपाणी घालून, रात्री मोजे चढवून.
काय ओढतं, कुठून ओढतं,
तिनेही विचारलं नव्हतं, मीही नाही.

हात पुसते.
काटा बंद करायच्या आधी
उगाच रिकाम्या तबकडीवर बोट टेकवते.
आकडे धावतात, थांबत नाहीत.